एक आपलं, दोन राजाची

नेव्हिल गॅरडला चांदीचं नाणं सापडलं आणि त्या दिवसापासून त्याच्या मागे साडेसाती लागली. तोवर बिचारा सुखात होता, कारण तोवर त्याला काही सापडत नव्हतं.

म्हणजे अगदीच काही नाही असं नव्हे. इंग्लंडातल्या सफोकमध्ये सुगी संपून शेतं मोकळी झाली की निवृत्त माणसांची एक जमात कानाला हेडफोन लावून, हातात धातू शोधणारा डिटेक्टर घेऊन घराबाहेर पडते आणि दिवसभर जमिनीला इस्त्री करत फिरते. यंत्र किणकिणलं की खणायचं. खणलं की काडतुसाचं बूड निघतं, बिअरच्या डब्याची कडी निघते, नाहीतर ट्रॅक्टरचा बोल्ट. हा सगळा माल नेव्हिलकडे मुबलक होता. बोल्ट तर त्यानं गॅरेजमध्ये मापाप्रमाणे लावून ठेवले होते. नव्हतं ते फक्त हातोडीचं नाणं. सातशे वर्षांपूर्वी टाकसाळीतला माणूस चांदीच्या चकतीवर ठसा धरून वर हातोडी घालायचा, त्या काळातलं. त्याच्या लिटल हॅकस्टन गावच्या डिटेक्टर मंडळात यावरून सरळ दोन जाती पडल्या होत्या, हातोडीचं नाणं सापडलेले आणि न सापडलेले. दुसऱ्या जातीत आता नेव्हिल एकटाच उरला होता.

महिन्याच्या बैठकीत सगळे आपापला माल टेबलावर मांडत. नेव्हिल बक्कल मांडी. मंडळाचा चिटणीस टेरेन्स विमार्क, ज्याच्याकडे हातोडीची नाणी बिस्किटांच्या डब्यात खुळखुळत, तो टेबलापाशी येऊन मान तिरकी करी आणि म्हणे, "बक्कलही छान असतं हं, नेव्हिल." शर्यतीत शेवटून पहिल्या आलेल्या मुलाला शाळेच्या बाई ज्या स्वरात बोलतात, त्याच स्वरात.

नेव्हिल हसे. आतून मात्र त्याला फार लागे. उभं आयुष्य त्यानं कौन्सिलच्या पार्किंग खात्यात काढलं होतं. नाताळच्या आदल्या दिवशी पाद्रीबाबांच्या गाडीला दंडाची चिठ्ठी लावणारा हा माणूस, नियम म्हणजे नियम मानणारा. अशा माणसाला गावात मित्र कमी असतात, पण स्वाभिमान भरपूर असतो. त्याला पैसा नको होता, बक्षीस नको होतं. एक नाणं हवं होतं. स्वतःचं, स्वतः शोधलेलं, एवढंसं.

आणि सप्टेंबरच्या एका निवांत सकाळी, कॅटरमोलच्या बांधाजवळच्या शेतात, यंत्र वेगळ्याच आवाजात बोललं. नेव्हिलनं ढेकूळ फोडलं. त्यात अंगठ्याच्या नखाएवढं, पापडाच्या तुकड्यासारखं पातळ काहीतरी चमकलं. एका बाजूला क्रूस, दुसऱ्या बाजूला राजाचा चेहरा. दोन ठिपके डोळ्यांचे, एक रेघ तोंडाची, लहान मुलानं काढावा तसा. नेव्हिल चिखलात बसून राहिला आणि थोडा रडला. शेतात कोणी नव्हतं म्हणून रडला, नाहीतर त्याच्या गावात हे शोभत नाही.

नियमाप्रमाणे आधी शेतमालकाला दाखवायचं. कॅटरमोलनं ट्रॅक्टरवरूनच हात पुढे केला, नाणं नखानं उलटंपालटं केलं.

"एवढंच?"

"एवढंच असतं ते," नेव्हिल म्हणाला.

"मला वाटलं हंडा बिंडा असंल. ठेवा साहेब, तुम्हालाच ठेवा. माझा निम्मा वाटा पुढच्यात धरा. आणि फाटक लावून घ्या जाताना."

घरी ग्वेननं, म्हणजे त्याच्या बायकोनं, चष्मा कपाळावर सरकवून नाणं बघितलं. "खवलं वाटतंय माशाचं," ती म्हणाली. पण मग त्याचं तोंड बघून तिनं आपली खोकल्याच्या गोळ्यांची जुनी डबी रिकामी केली, आत कापूस घातला आणि त्याच्यापुढे ठेवली.

इथपर्यंत सगळं छान होतं. घोडं अडलं ते ग्रंथालयात. सापडलेली वस्तू नोंदवावी असा सभ्य रिवाज आहे, आणि जिल्हा संग्रहालयातल्या इमोजेनबाई त्यासाठी ठरावीक गुरुवारी गावच्या ग्रंथालयात, बालविभागातल्या बुटक्या खुर्चीवर बसत. नेव्हिल समोरच्या तसल्याच खुर्चीवर गुडघे कानाशी घेऊन बसला. बाईंनी भिंगातून पाहिलं.

"अभिनंदन, मिस्टर गॅरड. एडवर्ड राजाचा पेनी. फार गोड आहे."

"म्हणजे हे माझं?"

"तुमचंच. एकच आहे ना? एक नाणं म्हणजे खजिना नाही. दोन निघाली असती एका जागी, तर कायद्यानं खजिना झाला असता. मग कॉरोनरला कळवायचं, त्याची सरकारी चौकशी, आणि दोन्ही राजाची."

"दोन्ही? की दुसरं?"

"दोन्ही. संग्रहालयाला हवी असली तर ते ठेवून घेतात. मोबदला मिळतो की."

"मला मोबदला नको."

"सगळे आधी तसंच म्हणतात," इमोजेनबाई हसल्या. "आणि हो, अशी नाणी सहसा एकटी नसतात. कुणाची तरी थैली फाटलेली असते. तुम्ही शोधत राहा."

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशी आपल्याकडे म्हण आहे. इंग्लंडात दोन मिळाले की दोन्ही सरकारजमा होतात, त्यामुळे तिथल्या आंधळ्यानं मागताना फार जपावं लागतं. नेव्हिल डबी खिशात घट्ट धरून घरी आला आणि त्यानं कायदा काढून वाचला. दोनदा वाचला. दुसरं सापडलं तर कळवलंच पाहिजे, असं त्यात स्पष्ट होतं. पण शोधलंच पाहिजे, असं कुठेही नव्हतं. पार्किंग खात्यात हयात घालवलेल्या माणसाला दोन वाक्यांमधली एवढी जागा पुरते. तिथे तो गाडी लावू शकतो.

मग आता शेतात जायचंच नाही, घरी बसून गुलाब छाटायचे, असा सरळ उपाय होता. पण त्याच दिवशी ग्वेन चर्चमध्ये फुलं मांडायला गेली आणि तिथे कार्नेशनचे देठ कापता कापता सहज बोलून गेली. संध्याकाळपर्यंत गावात नाणं पोचलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची थैली झाली होती आणि रविवारपर्यंत हंडा.

गॅरडच्या दारात कधी कोणी उभं राहत नसे. आता लोक कुंपणापाशी थांबून आधी हवेबद्दल बोलत, मग पुन्हा हवेबद्दल बोलत आणि जाता जाता सल्ला देत. शेजारच्या मिसेस पेटिटनं हेझलच्या झाडाची दुबेळकी फांदी आणून दिली. तिच्या आजोबांना त्यावर विहीर लागली होती. "पाणी लागतं तर चांदी का नाही लागणार?" हा तिचा प्रश्न होता, आणि खरं म्हणजे त्याला उत्तर नव्हतं. पाद्रीबाबा हॉस्किन चहाला आले, केकचे दोन तुकडे झाले, आणि मग छताकडे बघत म्हणाले, "आमचं चर्चचं छप्पर फार गळतं हो, मिस्टर गॅरड. मी आपलं सहज बोलतोय."

विमार्कनं सहज बोलण्याचा देखावाही केला नाही. तो कॅटरमोलकडे व्हिस्कीची बाटली घेऊन गेला.

"काय म्हणाला तो?" नेव्हिलनं कॅटरमोलला विचारलं. आवाज शक्य तितका सपाट ठेवून विचारलं.

"म्हणाला, गॅरडसाहेबांचा मूड नसला तर मी फिरवतो यंत्र. मी म्हणलं, साहेब येत्यात तोवर रान त्यांचं. न्हाई आले तर बघू." कॅटरमोलनं टोपी मागे सारली. "पेरणीआधी शोधून टाका तेवढं. निम्मं माझं हाय."

म्हणजे झालं. नेव्हिल शेतात गेला तर दुसरं नाणं सापडायची भीती, न गेला तर विमार्क येणार आणि त्याला ते सापडणार याची खात्री. विमार्कच्या हाती लागणार नाही तर काय! मग दोन नाणी, एक शेत, एक खजिना, आणि डबीतलं नाणं राजाच्या घरी. नेव्हिलनं रात्रभर विचार केला आणि सकाळी तो शेतात हजर झाला. हेडफोन कानावर, यंत्र हातात. आणि यंत्र बंद.

या गोष्टीची नोंद कुठे नाही, पण त्या शरदात सफोकमधलं सर्वांत पद्धतशीर न-शोधकाम लिटल हॅकस्टनला झालं. नेव्हिल शेताच्या या टोकाकडून त्या टोकाकडे ओळीनं जाई, वळे, परत येई. यंत्र डावी-उजवीकडे संथ हलवी. यंत्र कधीच काही बोलत नसे आणि नेव्हिलच्या चेहऱ्यावर समाधान असे. ज्या जागी नाणं सापडलं होतं तिथे तर तो चोरट्यासारखा पाय उचलून चाले.

अडचण एवढीच होती की शेतातून सार्वजनिक पायवाट जात होती, आणि इंग्रज माणसाला पायवाटेवर उभं राहण्याचा हक्क फार प्रिय. लोक घडीच्या खुर्च्या आणि थर्मास घेऊन येऊ लागले. मिसेस पेटिटनं विणकाम आणलं. चार-पाच दिवसांत प्रेक्षकांत कुजबुज सुरू झाली की हा खणत कसा नाही. तेव्हा नेव्हिल घरून खिशात काडतुसाची बुडं आणि बोल्ट घेऊन येऊ लागला. मध्येच थांबायचं, गुडघ्यावर बसायचं, खणायचं, खिशातला बोल्ट खड्ड्यात सोडायचा, वर काढायचा, लोकांना दाखवून मान हलवायची आणि परत तिथेच टाकायचा. आपलंच सामान आपण पुरून काढू नये, असा नियम त्याला कुठे आढळला नव्हता. एक दिवस खिशात बोल्ट संपले होते म्हणून त्यानं हाताला लागलं ते सोडलं. निघालं बटण.

"बघू, बघू," विमार्क पुढे झाला. त्यानं ते चिमटीत धरून उजेडात नेलं. "हाडाचं असावं. ट्यूडर काळातलं? काय वाटतं, नेव्हिल?"

ग्वेन त्या दिवशी शेजारणीबरोबर आली होती. तिनं वाकून पाहिलं.

"अय्या, हे तर तुझ्या तपकिरी स्वेटरचं," ती म्हणाली. "मी सोफ्याखाली शोधून दमले. शेतात कसं आलं?"

कोणी हसलं नाही. त्या गावात माणसाच्या तोंडावर हसत नाहीत, घरी जाऊन हसतात. पण विमार्कनं ते बटण ज्या हळुवारपणे नेव्हिलच्या हातात परत ठेवलं, त्यापेक्षा त्यानं थोबाडीत मारली असती तर बरं, असं नेव्हिलला झालं.

तरीही तो दुसऱ्या दिवशी गेला. पेरणीला थोडेच दिवस राहिले होते. एकदा गहू पेरला की सुगीपर्यंत शेत बंद, आणि पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. रात्री पाऊस झाला होता, वरची माती धुपून गेली होती. दुपार झाली तरी तो जेवायला आला नाही, तेव्हा ग्वेन अंड्याची सँडविच आणि चहा घेऊन शेतात निघाली. पायवाटेवर सगळे बसले होते. ती त्यांना ओलांडून चिखलात उतरली, सरळ त्या जागेकडे चालत आली, आणि नेव्हिल "तिकडून नको, इकडून ये" म्हणेपर्यंत घसरली.

ती हातावर पडली. सँडविच सुखरूप होती. ती उठून बसली, तिनं तळहाताकडे बघितलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"नेव्हिल, हे बघ. तुझ्यासारखंच खवलं. मला सापडलं."

चिखलानं माखलेल्या तळव्यावर दोन ठिपक्यांचे डोळे आणि एका रेघेचं तोंड होतं. नेव्हिल तिच्या शेजारी चिखलात बसला. त्यानं तिला कायदा सांगितला नव्हता. सांगितला असता तर चर्चमध्ये फुलं मांडता मांडता तोही गावभर झाला असता.

त्यानं आता हळूच सांगितला. ग्वेनचा उजळलेला चेहरा विझत गेला.

"दोन्ही नेतात? तुझंसुद्धा?"

"हो."

"परत टाकू का?" तिनं ओठ न हलवता विचारलं.

पायवाटेवर सगळे उभे राहिले होते. मिसेस पेटिटच्या हातातून लोकर सुटली होती. विमार्क कुंपण ओलांडून चालत येत होता आणि त्याच्या तोंडावर निखळ, निर्मळ आनंद होता. "अभिनंदन, मिसेस गॅरड," तो लांबूनच म्हणाला. "म्हणजे खजिना झाला की आता."

पुढचं सगळं रीतसर झालं. नेव्हिलनं त्याच दुपारी फोन केला, इमोजेनबाई आल्या, दोन्ही नाणी वेगवेगळ्या पिशव्यांत गेली. डबीतला कापूस रिकामा राहिला. विमार्कनं परवानगी घेऊन शेताचा इंच अन् इंच तपासला. त्याला बोल्ट सापडले, पुष्कळ.

हिवाळा संपता संपता कॉरोनरकडे सुनावणी लागली. त्या देशात संशयास्पद मरण आणि पुरलेला खजिना यांची चौकशी एकाच माणसाकडे असते. कोणत्या राजानं हे ठरवलं कोण जाणे, पण बाहेरच्या बाकावर त्यामुळे गर्दी मिश्र असते. गॅरड पतिपत्नीशेजारी काळे कपडे घातलेलं एक कुटुंब बसलं होतं. त्यातल्या बाईनं मायेनं विचारलं, "आमचा मामा. शिडीवरून पडला. तुमचं कोण?"

"आमची दोन," नेव्हिल म्हणाला.

"अरेरे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ग्वेनला एक पेपरमिंट दिलं.

कॉरोनर थकलेला, मऊ बोलणारा गृहस्थ होता. त्यानं इमोजेनबाईंचं ऐकून घेतलं. दोन्ही नाणी एकाच राजाची, एकाच टाकसाळीची, एकमेकांपासून हाकेच्याही नाही, हाताच्या अंतरावर. एकाच थैलीतली असावीत. मग नेव्हिल शपथ घेऊन उभा राहिला. मागच्या बाकांवर कॅटरमोल, विमार्क, पाद्रीबाबा, मिसेस पेटिट, सगळं गाव.

"पहिलं नाणं सापडल्यानंतर तुम्ही रोज तिथे शोधत होता?"

"रोज जात होतो, सर."

"आणि इतक्या दिवसांत तुमच्या यंत्राला दुसरं नाणं लागलं नाही. यंत्र बिघडलं होतं का?"

नेव्हिलनं मागे पाहिलं नाही. "बंद होतं, सर."

"बंद पडलं होतं?"

"मी बंद ठेवलं होतं. मला एकच हवं होतं, सर. दुसरं सापडलं असतं तर पहिलं गेलं असतं."

नेव्हिलचे कान लाल झाले. अख्ख्या गावासमोर तो बोल्टवाला, बटणवाला आणि आता हा असा झाला होता. कॉरोनरनं पेन खाली ठेवलं आणि तो म्हणाला, "बसा, मिस्टर गॅरड." तो हे फार सभ्यपणे म्हणाला.

मग ग्वेन उठली. तिनंही शपथ घेतली, हातमोजे नीट केले.

"तुमचं नाणं तुम्हाला शेतात सापडलं, मिसेस गॅरड?"

"नाही," ग्वेन म्हणाली.

कॉरोनरनं मान वर केली.

"मी पडले शेतात. पण नाणं माझ्या हातमोज्यात आधीपासून असावं. त्या दिवशी सकाळी मी चर्चजवळच्या गल्लीत वाकले होते, बुटाची नाडी बांधायला. तिथून आलं असणार. गल्ली कुठे आणि शेत कुठे, मैलभर अंतर. तेव्हा त्या दोन नाण्यांचा काही संबंध नाही. त्याचं त्याला देऊन टाका."

मिसेस पेटिटच्या विणकामाच्या सुया थांबल्या. ग्वेननं त्या दिवशी हातमोजे घातलेच नव्हते, हे पायवाटेवरच्या प्रत्येकानं पाहिलं होतं. पण कोणी हललं नाही. विमार्कसुद्धा छताकडे बघत होता. कॅटरमोलनं टोपी मांडीवर उलटी केली, पुन्हा सुलटी केली. ज्या माणसानं आयुष्यभर त्यांच्या गाड्यांना चिठ्ठ्या लावल्या, त्याच्यासाठी सगळं गाव मूग गिळून बसलं होतं.

कॉरोनर पेन उचलून लिहू लागला. मग नेव्हिलकडे वळला.

"मिस्टर गॅरड, यावर तुम्हाला काही सांगायचंय?"

नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. नेव्हिलला ते दिसत होतं, डबी, कापूस आणि आत ते. लग्नाला इतकी वर्षं झाली, या बाईनं त्याच्या छंदाला कधी धड नाव दिलं नाही, आणि आता ती त्याच्यासाठी देवाची शपथ घेऊन खोटं बोलत होती, तेही इतकं वाईट. त्याला ती त्या क्षणी फार आवडली. आणि तो उठून उभा राहिला.

"नाणं शेतातच सापडलं, सर. मी पाहिलं. तिनं हातमोजे घातले नव्हते."

निकाल व्हायला मग वेळ लागला नाही. कॉरोनरनं ग्वेनला एवढंच म्हटलं, "पडल्यामुळे गोंधळ झाला असेल, मिसेस गॅरड. होतं असं." खजिना ठरला. दोन्ही नाणी राजाची. कॅटरमोलचा निम्मा वाटा ठरला. बाहेर तो नेव्हिलपाशी थांबला आणि त्याच्या दंडावर हात मारून निघून गेला.

घरी जाताना ग्वेन खिडकीबाहेर बघत होती. तिचा चेहरा बर्फासारखा थंड होता. तीन गावं तशीच मागे गेली. नेव्हिल गाडी नेहमीपेक्षाही सावकाश चालवत होता.

"तुरुंगात गेले असते मी," ती शेवटी म्हणाली.

"म्हणून तर बोललो."

"म्हणून नाही बोललास. खोटं होतं म्हणून बोललास."

ते खरं होतं. नेव्हिलनं गिअर बदलला.

एका वळणावर कॅटरमोलच्यासारखंच एक शेत लागलं, हिरवं, गुडघ्यापेक्षा कमी उंचीच्या गव्हाचं. ग्वेननं मान वळवून ते मागे जाईपर्यंत पाहिलं.

"पुढच्या वेळी मला सापडलं ना," ती म्हणाली, "तर मी तुला सांगणारच नाही. रात्री गुपचूप तुझ्या डबीत टाकून देईन. म्हणजे तुला वाटेल, ते पहिलंच परत आलं."

सापडलेला खजिना कॉरोनरला न कळवणं हा गुन्हा आहे, आणि त्यासाठी कायद्यात शिक्षेची तरतूद आहे. ती नेव्हिलला पाठ होती. ती सांगण्यासाठी त्यानं तोंड उघडलं, समोरच्या रस्त्याकडे पाहिलं, आणि मिटून घेतलं.